जुन्यावर न लिहिणारा माणूस

दिवाळीनंतरचा पहिला बाजाराचा दिवस. वजन छप्पन्न क्विंटल चाळीस किलो, कापूस आणि ट्रॅक्टर-ट्रॉली मिळून. हजर आम्ही चौघे: ट्रॅक्टरच्या सीटवर धामणगाव बढ्याचे रामदासआप्पा, काट्याच्या खोलीत खिडकीशी काटेवाला गजू, त्याच्या पाठीमागे उभे असलेले प्रल्हादभाऊ आणि दारात मी.

खिडकीवरच्या लाल आकड्यांच्या पाटीवर वजन आले होते, स्थिरही झाले होते. गजूने बटण दाबले होते. पावती मात्र येत नव्हती. मागे गाड्यांची रांग फाटकाबाहेर जाऊन पुलापर्यंत पोचली होती. आप्पांनी खिशातून बिडी काढून तोंडात धरली. कापसाच्या आवारात बिडी पेटवायला बंदी, म्हणून ते ती नुसती धरायचे. जरा वेळाने ती काढून कानावर ठेवली आणि कोणाकडे न बघता म्हणाले,

"आकडा तं वर दिसून राह्यला. मंग पावतीले येळ काऊन लागते? आत कोनाले इचारून राह्यले का, किती लिहू म्हनून?"

मागच्या ट्रॉलीवरचे दोघे हसले. गजू हसला नाही. प्रल्हादभाऊंनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत घातला. त्यांच्या तोंडाकडे मला बघवले नाही. कारण आत कोणी कोणाला विचारत नव्हते, हे आम्हा तिघांना माहीत होते. उशीर होत होता तो आकडा कोणाला बदलता येऊ नये म्हणून केलेल्या बंदोबस्ताने. आणि तो बंदोबस्त प्रल्हादभाऊंचा होता.

प्रल्हादभाऊ आता नाहीत. पुण्यात मुलीकडे होते, तिथेच गेल्या आषाढात गेले. मी मोताळ्याच्या त्या कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब पाहतो. सीझन लागला की माझे घर म्हणजे जेवायची आणि निजायची जागा. गुडघा दुखतो, बायको बोलते, मुलीच्या कॉलेजातून फोन येतात, आणि मी काट्याच्या खोलीत उभा असतो. अशा दमलेल्या दिवसांतच मला हा माणूस भेटला, म्हणून त्यांची आठवणही मला दमलेल्या दिवसासारखीच येते. पण येते.

पहिल्या भेटीत त्यांनी माझ्या टेबलावरची पांढऱ्या शाईची बाटली उचलली, झाकण उघडून वास घेतला.

"हे काऊन लागते तुमाले?"

"आकडा चुकला तर लावायला."

"चुकला तं चुकला. अंगावर एक रेघ मारा, खालचं वाचता आलं पाह्यजे. बाजूले बरोबर लिहा, सही करा. वरून चुना काऊन फासता, दिनकरभाऊ? मेलेल्याचं बी तोंड पाहू देतो आपन."

ती बाटली त्यानंतर माझ्या खणात वाळून गेली. मी फेकली नाही, लावलीही नाही.

हे फक्त कागदापुरते नव्हते. बोलण्यातही त्यांचा हाच नेम. मंगळवारी येतो म्हणून सांगितले आणि आले नाहीत, तर बुधवारी दारातूनच सांगत, "काल येतो म्हनलं होतं म्या. ते चुकलं. आज आलो." मी असे म्हणालोच नव्हतो, हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाही. आमच्याकडे शेठपासून हमालापर्यंत सगळ्यांचे ते आवडते वाक्य आहे, माझेही. त्यामुळे प्रल्हादभाऊंशी बोलताना पहिले काही महिने मला अवघडल्यासारखे व्हायचे. फोनमध्ये त्यांनी वारलेल्या माणसांचेही नंबर ठेवले होते, नावापुढे 'वारले' लिहून. घरी भिंतीला एक खिळा होता आणि त्यावर कितीतरी वर्षांची कॅलेंडरे. नवे आले की जुन्यावर टांगायचे. जुने काढायचे नाही. खिळा खाली वाकला होता.

पुण्यात एका कंपनीच्या सर्व्हरच्या खोलीत त्यांची वीस-बावीस वर्षे गेली. वडिलांनी अंथरूण धरले तेव्हा नोकरी सोडून मोताळ्याला आले. वडील गेले, पण तोवर परतीची वाट बंद झाली होती. वय झाले होते आणि सुमनवहिनींचे मूत्रपिंडाचे दुखणे सुरू झाले होते. आठवड्यातून दोनदा त्यांना बुलढाण्याला डायलिसिससाठी न्यावे लागे. उरलेल्या दिवसांत दुकानांची, दवाखान्यांची कॉम्प्युटरची कामे ते करीत.

आमच्याकडे ते आले ते एका बालंटानंतर. आदल्या सीझनला एका शेतकऱ्याच्या हातातल्या पावतीवर एक वजन आणि आमच्या कॉम्प्युटरमध्ये दुसरे, असे निघाले. काट्याचा तो जुना प्रोग्रॅम झालेले वजन पुन्हा उघडू द्यायचा, त्यावर दुसरा आकडा टाकू द्यायचा, आणि पहिला काय होता याचा मागमूस ठेवायचा नाही. तेव्हाच्या काटेवाल्याची चूक होती की लबाडी, हे आजही मी सांगू शकत नाही. सांगायला पुरावाच राहिला नव्हता. पण गावोगाव झाले की यांचा काटा मारलेला आहे. त्याच उन्हाळ्यात ते कॉम्प्युटरही बंद पडले.

अडचण अशी की काट्याचा प्रोग्रॅम फक्त जुन्या विंडोजवर चालायचा, आणि ते विंडोज नव्या कॉम्प्युटरवर बसत नव्हते. प्रोग्रॅम लिहिणारा माणूस धंदा सोडून गेलेला. मग प्रल्हादभाऊंनी नव्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकले आणि त्याच्या पोटात एक मानलेला कॉम्प्युटर उभा केला. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. जुने विंडोज त्यात राहायचे. आपल्याला स्वतःची डिस्क आहे, असे ते समजायचे. प्रत्यक्षात ती डिस्क म्हणजे खऱ्या डिस्कवरची एक मोठी फाइल होती.

आणि ती फाइल त्यांनी अशा व्यवस्थेत ठेवली जिचा स्वभाव अगदी त्यांच्यासारखा होता. तिला कॉपी-ऑन-राइट म्हणतात. काही बदलायचे झाले तर ती जुन्या जागेवर लिहीत नाही. नव्या कोऱ्या जागी लिहिते आणि मग 'आता इकडे बघा' एवढी खूण बदलते. त्यात भर म्हणून दर पाव तासाने सगळ्याचा एक फोटो काढून ठेवायचा, म्हणजे स्नॅपशॉट. आत कोणी वजन बदललेच, तर आधीच्या फोटोत जुने वजन सापडणार. मला हे समजावून सांगताना प्रल्हादभाऊंचा चेहरा असा उजळला होता, जणू आपल्या स्वभावाचा जोडीदार त्यांना मशीनमध्ये भेटला होता.

दसऱ्याला काट्याच्या लोखंडी प्लेटपुढे नारळ फोडला. दहा-पंधरा शेतकरी होते, रामदासआप्पाही होते. प्रल्हादभाऊ पुढे झाले आणि सांगितले, "या काट्यावर एकडाव उमटलेला आकडा मिटनार नाही. कोनी बदलला, तं जुना बी दिसन. हे माही जबान हाय."

शेठनी त्यांना असे बोलायला सांगितले नव्हते. जबान त्यांनी स्वतःहून दिली.

पहिल्या आठवड्यात बटण दाबले की पावती. मग श्वासभर वेळ लागू लागला. मग गजू मध्ये पाणी पिऊन येऊ लागला. दिवाळीपर्यंत अशी गत झाली की गजू म्हणे, "भाऊ, सर्व्हरले दम लागून राह्यला. त्याले जरा खाली बसू द्या." पिंपळगाव राजा गावाकडच्या गाड्या आमच्या फाटकावरची रांग बघून खामगावकडे वळू लागल्या. आणि मग आप्पांचे ते वाक्य झाले. दोन दिवसांत ते सगळ्या तालुक्यात झाले: मोताळ्याच्या जिनिंगमध्ये पावती विचारून लिहितात.

शेठनी मला बोलावले. "पुढच्या बाजारापर्यंत बघतो. नाही जमलं तर ते पोटातलं मशीन काढा. हाताने पावत्या लिहू." हाताने म्हणजे परत तेच; आकडा कोणीही फिरवावा आणि बोट कोणाकडेही दाखवावे. मी हे प्रल्हादभाऊंना सांगायला रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेलो.

वहिनी बाजेवर बसून मेथी निवडत होत्या. हात सुजलेले होते, पण निवडत होत्या. मला म्हणाल्या, "या. तुमीच काही सांगा त्याइले. काल म्या म्हनलं, हे जुने कॅलेंडर काढा, खिळा पडन. तं म्हंतात, राहू दे. सासऱ्याच्या चपला बी हायेत घरात. घालनारा गेला, चपला हायेत."

"चपलाइनं काय जागा खाल्ली तुही?" आतून प्रल्हादभाऊ म्हणाले.

"जागा नाही खाल्ली. मीच अडखळते ना रोज."

ते बाहेर आले तेव्हा दाढी वाढलेली होती. मी शेठचा निरोप सांगितला. त्यांनी मान हलवली, लॅपटॉप उघडला आणि आमच्या काट्याच्या फाइलीची अवस्था दाखवली. दिसायला एक फाइल, पण डिस्कवर तिचे लाखभर तुकडे झाले होते.

"पाहा. एक गाडी तोलली की प्रोग्रॅम पाच-सहा जागी थोडं थोडं लिहिते. इथं एक अक्षर, तथं दोन. साध्या डिस्कवर ते जाग्यावरच लिहिल्या जाते. इथं दरवेळी नव्या जागी. त्यात पाव तासाचे फोटो, म्हंजे जुनी जागा सुटत बी नाही. आता आपल्याले एक वजन वाचाचं असलं, तं डिस्कची सुई गावभर हिंडते."

"शेठ म्हणतात वेगवान डिस्क घेऊ. सुई नसलेली."

"घ्या. बरं वाटन काही दिवस. दुखनं झाकन, जानार नाही."

"मग उपाय काय?"

"उपाय ठाऊक हाय मले," ते म्हणाले. "पयल्या दिवशीच ठाऊक होता. अशा फाइलीपुरतं हे कॉपी-ऑन-राइट बंद करतात. सगळे करतात. मंग जुन्याच जाग्यावर नवं लिहिल्या जाते."

"मग करत का नाही?"

त्यांनी लॅपटॉप आपल्याकडे वळवला. "जुन्यावर लिहिल्या जाते, दिनकरभाऊ. आन् एखादं अक्षर डिस्कवर सडलं, तं आता मशीन सोताहून सांगते. ते बी सांगनं बंद होईन. म्या लोकायसमोर जबान देल्ली."

वहिनींनी मेथीच्या काड्या गोळा केल्या. "जबान तुमची," त्या म्हणाल्या, "आन् लाइनीत उभे लोकं."

त्यावर प्रल्हादभाऊ हसले नाहीत आणि चिडलेही नाहीत. लॅपटॉप मिटला. दुसऱ्या दिवशी बुलढाण्याहून डायलिसिस करून वहिनींना घरी सोडले आणि तसेच तडक जिनिंगवर आले. दुपारी काटा थोडा वेळ बंद ठेवला. एक वेगळे फोल्डर केले, त्यावर कॉपी-ऑन-राइट बंदची खूण केली आणि फाइल त्यात सरकवली. डोळे लाल होते. मी चहा मागवला तो निवून गेला. उठताना गजूला म्हणाले, "झालं. आता पाय मोकळा झाला तिचा."

बाजाराच्या दिवशी काहीही बदलले नव्हते. पावती तशीच रेंगाळली, रांग तशीच पुलापर्यंत. आप्पा त्या दिवशी गाडी घेऊन आले नव्हते, पण कोणाच्या तरी ट्रॉलीवर बसून खास बघायला आले होते. "प्रल्हाद, झालं म्हने ना तुह्यं?"

प्रल्हादभाऊ खोलीत गेले, बरेच तपासले, बाहेर आले. रांगेतल्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "परवा म्या सांगतलं होतं की झालं. ते चुकलं. नाही झालं."

मला त्यांनी नंतर कारण सांगितले. ती खूण फक्त नव्याने, कोरी लिहिल्या जाणाऱ्या फाइलीला लागू होते. आधीच लिहिलेली फाइल उचलून त्या फोल्डरमध्ये सरकवली, तर ती आपले तुकडे आणि आपला स्वभाव घेऊनच जाते. तिथे नवी फाइल करून तिच्यात सगळे पहिल्यापासून उतरवून घ्यायला हवे होते. "म्या सरकवली," ते म्हणाले. "पंचवीस वर्सं हेच काम केलं, आन् सरकवली. डोकं बुलढान्यालेच राह्यलं होतं त्या दिवशी." मग जरा थांबून, "का मलेच उतरवाचं नव्हतं, कोनाले ठाऊक."

दुसरीही एक गोष्ट राहिली होती. पाव तासाचे फोटो चालूच होते. फोटो काढला की त्यानंतरचे पहिले लिहिणे पुन्हा नव्या जागीच जाते, मग खूण असो वा नसो. म्हणजे एका हाताने बंद आणि दुसऱ्या हाताने चालू. 

शेठनी मला फोन करून एवढेच विचारले, "पावतीबुकं किती छापायची?" मी म्हटले, दोन दिवस द्या. त्यांनी दिले, माझ्यावर विश्वास म्हणून नव्हे, छापखाना बंद होता म्हणून.

त्या दोन दिवसांतच काट्याने नवे दुखणे काढले. प्लेट रिकामी असताना पाटीवर तीस किलो दिसू लागले. दर सीझनला एकदा असे होते. गाड्यांच्या चाकांची माती आणि सांडलेला कापूस प्लेटखालच्या खड्ड्यात साचतो आणि काटा शून्यावर येत नाही. मग तोल थांबवून बाजूची झाकणे काढायची, दोन माणसे आत उतरवायची आणि सगळा गाळ बाहेर ओढायचा. गजू स्वतः उतरला. प्रल्हादभाऊ काठावर उकिडवे बसून बघत होते. आतून काळा, ओलसर, मातीने लडबडलेला कापूस घमेल्याघमेल्याने येत होता.

"किती जमलं बे," ते म्हणाले.

"तीस किलोच दाखवते, भाऊ," खालून गजू म्हणाला. "पन तेवढ्यानं बी खोटं पडते. दुसऱ्याच्या गाडीत पयल्याची माती मोजल्या जाते."

सफाई झाली. पाटीवर शून्य आले. प्रल्हादभाऊ तिथेच बसून राहिले. उन्हाची वेळ, मी त्यांना सावलीत बोलवायला गेलो. त्यांनी माझ्याकडे न बघता प्लेटकडे बोट केले.

"ह्या प्लेटवरून या सीझनले किती गाड्या गेल्या असतीन?"

"आतापर्यंत हजाराच्या आत-बाहेर."

"एक बी आठवते का तिले?"

मी प्लेटकडे पाहिले.

"आठवलं तं ते बिघडली म्हनतो आपन. खड्डा खोलतो. तिनं दरवेळी कोरंच व्हावं लागते. जपाची असते पावती, दिनकरभाऊ. म्या प्लेट जपत बसलो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी काम पहिल्यापासून केले. या वेळी आधी घरी जाऊन झोप काढून आले, हे मला गजूने सांगितले. काटा बंद केला, आतले विंडोज नीट मिटवले. वेगळी जागा केली, जिथे फोटो काढले जाणार नाहीत. तिच्यात कोरे फोल्डर, त्याला आधी खूण, मग त्यात पूर्ण आकाराची नवी फाइल, पहिल्याच दिवशी लागेल तेवढी सगळी जागा धरून. मग जुन्या फाइलीतले सगळे तिच्यात उतरवले. सरकवले नाही. जुनी फाइल वेगळ्या डिस्कवर ठेवून दिली, तो त्यांचा स्वभावच. उतरून झाल्यावर तुकडे मोजले. लाखभराच्या जागी मोजकेच राहिले होते.

आणि पावतीसाठी दुसरी सोय केली. वजन पक्के झाले की त्याची एक ओळ साध्या अक्षरांत दुसऱ्या फोल्डरमध्ये जाऊन पडायची. तिथे कॉपी-ऑन-राइट चालू, फोटोही चालू, काही मिटायचे नाही. त्या ओळी इतक्या लहान की डिस्कला त्यांचे ओझे नाही. मोठ्या फाइलीची रोज काटा बंद झाल्यावर एक प्रत दुसऱ्या डिस्कवर. सडण्याची भीती उरली होती, तिच्यावर हा उतारा.

काम तिथे संपले होते. पण बाजाराच्या दिवशी सकाळी, पहिली गाडी प्लेटवर चढायच्या आधी, ते रांगेपुढे उभे राहिले. पहिली गाडी आप्पांचीच होती.

"दसऱ्याले म्या म्हनलं होतं, या मशीनीत काहीच मिटनार नाही," प्रल्हादभाऊ म्हणाले. "ते आता तसं राह्यलं नाही. मशीनीच्या पोटात जुन्यावर लिहिल्या जाईन, नाही तं ते चालत नाही. पावतीची ओळ मात्र वेगळ्या जागी पडन, आन् ते मिटनार नाही. ज्याले पाहाची असन त्यानं केव्हाबी या, दिनकरभाऊ दाखवतीन."

रांगेतली माणसे एकमेकांकडे बघू लागली. असे कोणी येऊन सांगते, याची सवय नव्हती कोणाला. मला तर वाटले, कशाला सांगितले, कोणाला कळणार होते.

आप्पांनी बिडी कानावरून काढली. "मंग दसऱ्याची जबान? ते खोटी?"

"खोटी नाही. तवा तशीच होती. आता तिच्यावर एक रेघ मारली, बाजूले नवी लिहिली. खालची वाचता येते तुमाले."

आप्पांनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिले. मग बिडी तोंडात धरली आणि गाडी प्लेटवर घेतली. पाटीवर आकडा आला, थांबला. गजूने बटण दाबले आणि प्रिंटरने पावती बाहेर ढकलली. आप्पांना बिडी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात न्यायलाही सवड मिळाली नाही. पावती हातात घेऊन त्यांनी पाटीकडे पाहिले, पावतीकडे पाहिले.

"एवढ्या लवकर?" ते म्हणाले. "पाह्यलं तरी का नाही मशीननं?"

त्या दिवशी रांग फाटकाच्या आतच राहिली. पावतीबुके छापली गेली नाहीत. पिंपळगाव राजाकडच्या सगळ्या गाड्या परत आल्या असे मी म्हणणार नाही, अर्ध्याअधिक आल्या. पुढच्या दोन सीझनमध्ये चार जण ओळ बघायला आले. त्यातले तीन रामदासआप्पाच, वेगवेगळ्या दिवशी. दर वेळी मी दाखवली, आणि दर वेळी ते "हाव, बरोबर हाय" म्हणून चहा पिऊन गेले.

त्यानंतरच्या वर्षी वहिनींचे दुखणे वाढले. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झाले, आणि एस.टी. असो की भाड्याची गाडी, तो प्रवास दोघांनाही झेपेना. मुलीने पुण्याला बोलावले. प्रल्हादभाऊ मला सांगायला आले तेव्हा म्हणाले, "म्या म्हनलं होतं ना, आता मोताळा सोडत नाही. ते चुकलं." बसले, चहा घेतला आणि मग बराच वेळ बसूनच राहिले. 

सामानासाठी त्यांनी पुण्याकडे परत जाणारी एक लहान गाडी ठरवली होती. भाडे वजनावर. गाडी आधी रिकामी आमच्या काट्यावरून गेली, मग संध्याकाळच्या आत भरून परत आली. वहिनी ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या. मागे कपाट, बाज, पितळी भांडी, पोत्यात गहू, आणि वर दोरीने बांधलेला कॅलेंडरांचा गठ्ठा. माझी नजर तिकडे गेलेली पाहून वहिनी म्हणाल्या, "खिळा बी उपटून घेतला. चपला मीच ठेवल्या गाडीत. म्हनलं, नाही तं तथं कशाले अडखळू."

भरलेली गाडी चाळीस क्विंटल दहा किलो. रिकामी अठ्ठावीस साठ. घर अकरा क्विंटल पन्नास किलो. मी मनात वजाबाकी करेपर्यंत पावती आली होती.

प्रल्हादभाऊंनी ती खिडकीतून घेतली आणि चष्मा वर करून वाचली. आमच्या प्रोग्रॅमला एकच माल ठाऊक, त्यामुळे पावतीवर छापले होते, माल: कापूस. गजू म्हणाला, "राहू द्या भाऊ, ड्रायव्हरले वजनाशी मतलब." त्यांनी माझ्या खिशातला पेन मागितला. 'कापूस'वर एक रेघ मारली, बाजूला 'घरसामान' लिहिले, सही केली. आमच्याकडच्या प्रतीवरही तसेच केले.

मग पाकीट काढले. गजू नको नको म्हणत खिडकीतून मागे सरला. त्यांनी हात आत घालून टेबलावर पैसे ठेवले. काट्याचे साठ रुपये, गजूला, रोख.